वॉर्डातला छळ, सिस्टरचा चिवटपणा आणि हॉस्पिटलची ओढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज आणि सांगली मिळून ३१ वर्षं मी नर्सिंग केलं. आधी स्टाफ सिस्टर म्हणून, शेवटची नऊ वर्षं वॉर्डाची इन्चार्ज म्हणून. निवृत्तीनंतर फोन थांबतील असं वाटलं होतं. थांबले नाहीत. नाइट संपवून स्टँडवर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या मुली फोन करतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा पेशंटबद्दल नसतो, बरोबर काम करणाऱ्या माणसांबद्दल असतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. माझ्या अनुभवातल्या कुठल्याही हॉस्पिटलचं वा माणसाचं नाव घेतलेलं नाही.

इन्चार्ज सिस्टर ओरडली म्हणजे छळ झाला का?

नाही. पेशंटचं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन पडतंय, सिलिंडर रिकामा निघालाय आणि इन्चार्ज “अगं पळ!” म्हणून खेकसली, तर तो छळ नव्हे. इंजेक्शनची वेळ चुकली म्हणून चार शब्द ऐकून घ्यावे लागले, तोही नव्हे. घरचा राग कधी कामावर निघतो. ते वाईटच, पण “काल जरा जास्तच बोलले गं” असं दुसऱ्या दिवशी म्हटलं की विषय मिटतो.

छळ म्हणजे एकाच मुलीच्या मागे, पुन्हा पुन्हा, आणि तिला उलट बोलायची सोय नसताना. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात हाइन्झ लायमन या मानसशास्त्रज्ञांनी कामावरच्या छळाचा अभ्यास केला. त्यांनी ढोबळ माप घातलं ते असं : आठवड्यातून निदान एकदा, आणि निदान सहा महिने. पुढे नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी २२ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. नर्सेसवरच्या अभ्यासांत ती आज जगभर वापरतात, आणि तीही मागच्या सहा महिन्यांबद्दलच विचारते.

म्हणून सहा महिने भरेपर्यंत कॅलेंडर बघत बसायचं असं मुळीच नाही. ते माप संशोधकांसाठी आहे. तिसऱ्याच आठवड्यात युनिफॉर्म चढवताना पोटात गोळा येत असेल, तर तेव्हाच कुणाशी तरी बोला.

आमच्याकडे शिव्या नाहीत, मारहाण तर नाहीच. मग तक्रार कशाची करायची?

त्या २२ प्रश्नांत शिव्या आणि मारहाण फार थोडी आहे. बाकी काय आहे ते वाचलं तर तुम्हाला आपलाच वॉर्ड दिसेल. कामाला लागणारी माहिती मुद्दाम न देणं. न झेपेल एवढं काम अंगावर टाकणं. शिकलेल्या कामापेक्षा हलकं काम देत राहणं. मागे कुजबुज करणं. हक्काची रजा मागू नये म्हणून दबाव आणणं. समोर गेलं की गप्प होणं.

आपल्याकडे हे असं दिसतं. पाळी बदलताना ओव्हर देतात तेव्हा बेड नंबर सातच्या पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त नव्या मुलीला सांगायचं राहून जातं. महिन्याच्या महिन्याला संकष्टीचा ऑफ एकीलाच मिळतो आणि बेंदूर असो की दिवाळी, ड्युटी दुसऱ्या एकीलाच लागते. डबा खाताना टेबलाभोवती पाच जणी बसतात आणि सहावी आली की पाचही जणींचं जेवण संपलेलं असतं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या मुलीला वर्षभर बेडशीट मोजायला आणि स्टोअरमधून इंडेंट आणायला लावतात आणि वर म्हणतात, “हिला आयव्हीसुद्धा लावता येत नाही.” कशी येणार? कधी लावूच दिली नाही.

यातली कुठलीही एक गोष्ट सांगितली तर ऐकणारा म्हणतो, “एवढंसंच?” छळ करणाऱ्याचं फावतं ते या ‘एवढंसंच’मुळे. सुटी गोष्ट सांगू नका, साखळी सांगा. ती तारखांसकट कशी ठेवायची ते पुढे लिहिलंय.

नव्या मुलींना कडक वागवलं नाही तर त्या शिकणार कशा? आम्हीही असंच शिकलो.

हा प्रश्न माझ्याच वयाच्या बायका विचारतात. त्याचं उत्तर मी एका रात्रीच्या गोष्टीने देते.

मेडिकल वॉर्ड, पहाटेचे साडेतीन. जत तालुक्यातून आलेली मुलगी, नोकरीला चार महिने झालेले. एका पेशंटची साखर खूप वर गेलेली. तिने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी झोपेतच डोस सांगितला आणि फोन ठेवला. ती औषधांच्या ट्रॉलीपाशी सिरिंज घेऊन उभी. लाल टोपणाची, आपली नेहमीची चाळीस युनिटची इन्सुलिन सिरिंज. मी बाजूच्या बेडचं सलाइन बदलत होते. माझ्या लक्षात आलं की ही मुलगी हलतच नाहीये.

“काय गं?”

“सिस्टर, पन्नास युनिट म्हणाले. यात चाळीसच मावतात. दोनदा भरू का?”

माझे हातपाय गार पडले. डॉक्टर ‘फिफ्टीन’ म्हणाले होते, तिने ‘फिफ्टी’ ऐकलं होतं. मी फोन लावला, विचारलं, पंधराच होते. मग तिला विचारलं, “शंका आली तर पुन्हा फोन का नाही केलास?” ती म्हणाली, “गेल्या आठवड्यात पुन्हा विचारलं तर राउंडला सगळ्यांसमोर म्हणाले, कानाची तपासणी करून घे. आणि इन्चार्ज हसल्या.”

त्या रात्री पेशंटला सिरिंजच्या मापाने वाचवलं. शंभर युनिटची सिरिंज हाताशी असती तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही.

कडक असा, जरूर असा. हात धुतल्याशिवाय ड्रेसिंगला हात लावू देऊ नका, फोनवरचा डोस आकडा फोडून परत म्हणून दाखवल्याशिवाय औषध भरू देऊ नका : “एक-पाच, पंधरा.” हा कडकपणा पेशंटसाठी आहे. मुलीला सगळ्यांदेखत लाज आणून ती प्रश्न विचारायचं थांबते, तो कडकपणा पेशंटच्या जिवावर उठतो. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००८ मध्ये खास इशारा काढला तो यासाठीच. धमकावण्याच्या, अपमानाच्या वागण्यातून उपचारांत चुका होतात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

आणि “आम्हीही असंच शिकलो” याबद्दल. आपल्याबरोबर लागलेल्या किती जणींनी पहिल्या दोन वर्षांत नर्सिंगच सोडलं, ते आठवून पाहा. त्या शिकल्या नाहीत, गेल्या.

हे आपल्याच भागात जास्त आहे का?

छळ सगळीकडे आहे. पण मिरजेचं एक वेगळेपण आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून आसपासच्या गावांत “मिरजेला नेलं” या दोन शब्दांतच आजाराचं गांभीर्य कळतं. अथणी, जमखंडी, विजापूर, पंढरपूरकडचे पेशंट इथे येतात. हॉस्पिटलं वाढली, बेड वाढले, सिस्टर त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार जनरल वॉर्डात शिकवणाऱ्या हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक आणि इतर हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक नर्स हवी. मी तीस बेडच्या वॉर्डात एकटीने नाइट काढलेल्या आहेत, तेही कानडीत विचारणाऱ्या नातेवाइकांना हातवारे करून समजावत.

माणसं कमी पडली की राग उतरंडीने खाली येतो. मालक डॉक्टरवर, डॉक्टर इन्चार्जवर, इन्चार्ज स्टाफवर, स्टाफ एएनएमवर (कमी मुदतीचा कोर्स केलेल्या सिस्टरवर), एएनएम मावशींवर. त्यात कायम आणि कंत्राटी हा भेद. एकाच वॉर्डात तेच काम करणाऱ्या दोघींच्या पगारात दुपटीचा फरक असेल तर तिथे मैत्री टिकवणं अवघड असतं. मेट्रनने, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखाने, कितीही चांगलं वागायचं ठरवलं तरी अपुऱ्या माणसांचं न्याय्य रोस्टर बनत नाही. ही बाब व्यवस्थापनाची आहे आणि त्यांनीच ती सोडवायला हवी.

चिवटपणा, ज्याला रेझिलियन्स म्हणतात, तो म्हणजे सहन करणंच ना?

मला हे मान्य नाही, आणि ज्यांनी यावर अभ्यास केला त्यांनाही नाही. २००३ मध्ये कॉनर आणि डेव्हिडसन यांनी चिवटपणा मोजायची २५ वाक्यांची मोजपट्टी तयार केली. बदल पचवता येतो का, संकटानंतर पुन्हा उभं राहता येतं का, जवळची माणसं आहेत का, अशा गोष्टी ती विचारते. मुकाट्याने किती सोसता, हे ती विचारत नाही.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, थंडीत, पाऊस नसताना वाढतो. बघणाऱ्याला वाटतं, काय चिवट पीक आहे. शेतकऱ्याला ठाऊक असतं की खाली काळ्या जमिनीत ओल आहे म्हणून तो उभा आहे. मुरमाड रानात तोच शाळू करपतो. सिस्टरचंही तसंच आहे. तिची ओल म्हणजे ड्युटीनंतरची सलग झोप, घरी ‘आज काय झालं’ विचारणारं एखादं माणूस, आणि वॉर्डात तिच्या बाजूने एक वाक्य बोलणारी एखादी सहकारी.

अभ्यासांतही असंच चित्र आहे. छळ वाढला की हॉस्पिटलबद्दलची ओढ कमी होते, आणि चिवट माणसात ती घसरण काहीशी हळू होते. हळू होते, थांबत नाही. एवढ्यासाठी मी मुलींना चिवट व्हायला सांगते, पण चिवट होऊन तिथेच राहा असं सांगत नाही.

हॉस्पिटलने आमच्यासाठी रेझिलियन्सचं ट्रेनिंग ठेवलंय. जाऊ का?

जा. श्वासाचे व्यायाम, झोपेची शिस्त, राग शांतपणे शब्दांत मांडायची सवय, यातून फायदा होतो. फक्त शेवटी प्रश्न विचारा : “तक्रार आली तर चौकशी कोण करतं आणि किती दिवसांत?” ट्रेनिंग आहे आणि तक्रारीची सोय नाही, तर दुखणं एकीला आणि औषध दुसरीला चाललंय.

एवढं होऊनही मला हे हॉस्पिटल सोडवत नाही. ही ओढ म्हणायची की माझा दुबळेपणा?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, कारण मी स्वतः अकरा वर्षं तो स्वतःला विचारला.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये नोकरीवरच्या निष्ठेचे तीन धागे सांगितले. माझ्या भाषेत सांगायचं तर माणूस तीन कारणांनी टिकतं. जीव लागलाय म्हणून, सोडलं तर परवडणार नाही म्हणून, आणि सोडलं तर बरं दिसणार नाही म्हणून. वरून तिघीही सारख्याच दिसतात. तिघींची हजेरी पूर्ण असते. व्यवस्थापनाला वाटतं, स्टाफ टिकून आहे म्हणजे सगळं बरं चाललंय.

फरक अडचणीच्या वेळी कळतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं, आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली, अर्धी सांगली पाण्यात होती. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं अशा सिस्टर तेव्हा ड्युटी सोडून गेल्या नाहीत. बदली माणूस येईना म्हणून सलग दोन-दोन पाळ्या केल्या, ओल्या युनिफॉर्मवर पेशंटचीच चादर गुंडाळून. ती ओढ पगाराने विकत मिळत नाही. छळ पहिला घाव घालतो तो याच धाग्यावर. गृहकर्जाचा हप्ता तसाच राहतो, लोकांची भीड तशीच राहते, जीव मात्र निघून जातो. मग सिस्टर येते, सही करते, चार्ट भरते आणि पेशंटच्या डोळ्यांत न बघता घरी जाते.

तुमचा धागा कोणता ते ओळखायचा माझा एक मार्ग आहे. उद्या तेवढ्याच पगाराची, तेवढ्याच अंतरावर दुसरी नोकरी मिळाली, तर या वॉर्डातलं काय आठवून डोळे भरतील? काही आठवलं तर ओढ आहे, आणि तिच्यासाठी इथे राहून भांडणं सार्थ आहे. काहीच आठवलं नाही तर नोकरी शोधायला लागा. त्यात दुबळेपणा नाही आणि गद्दारीही नाही. मी अकरा वर्षांनी एक हॉस्पिटल सोडलं तेव्हा मला काही आठवलं नव्हतं.

सोडायचं ठरवलं तर ते सर्टिफिकेट अडकवून ठेवतात. मग?

मूळ प्रमाणपत्रं तुमची आहेत. नोकरी लागताना तपासून लगेच परत घ्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. बॉन्ड आणि प्रमाणपत्रं अडकवण्याच्या प्रथेविरुद्ध इंडियन नर्सिंग कौन्सिलने परिपत्रकं काढलेली आहेत. आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बहुतेक ठिकाणी पोच मागितली की कागद सापडतात.

पगाराचंही इथेच सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सला, अगदी ५० पेक्षा कमी बेडच्या ठिकाणीही, महिना किमान २० हजार रुपये द्यावेत आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा अशी शिफारस केली होती. ती शिफारसच आहे, पण वाटाघाटीत आकडा माहीत असलेला बरा.

तक्रार कोणत्या कायद्याखाली करायची?

आधी कटू गोष्ट. कामावरच्या छळासाठी म्हणून आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. पण छळाचं रूप बघून दार ठरतं.

छळात लैंगिक शेरे, स्पर्श, मेसेज, मागणी असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक जण बाहेरची. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. लहान नर्सिंग होममध्ये समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समितीच नेमली नाही म्हणून मालकाला ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

अनुसूचित जाती-जमातीच्या मुलीचा जातीवरून लोकांदेखत अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. “पोरं काढायची होती तर नोकरी कशाला केलीस” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. बाळंतपणाची रजा कायद्याने मिळते, २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे आहे, आणि त्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. पेशंटच्या नातेवाइकांनी हात उचलला तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा नर्सलाही संरक्षण देतो. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बाकी सगळं, म्हणजे रोस्टर, टोमणे, अबोला, अपमान, हे लेखी अर्जाने वर न्यायचं : इन्चार्ज, मेट्रन, वैद्यकीय अधीक्षक, या क्रमाने. इन्चार्जचीच तक्रार असेल तर थेट मेट्रनकडे. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं मंडळ, त्याची मान्यता असलेल्या हॉस्पिटलला कर्मचाऱ्यांच्या तक्रारींची लेखी पद्धत ठेवावी लागते, ती मागून घ्या. सरकारी नोकरीत गोपनीय अहवालातला शेरा लपवून ठेवता येत नाही. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं आहे.

पुरावा कसा ठेवू? तोंडी बोलण्याला पुरावा काय असणार?

दोनशे पानी वही घ्या, घरी ठेवा. त्याच दिवशी लिहा : तारीख, पाळी, जागा, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, आणि तिथे कोण होतं. “माझा अपमान केला” असं लिहू नका. “राउंडला बेड १२ पाशी म्हणाल्या, तुला गुरं राखायला पाठवलं पाहिजे” असं लिहा. रोस्टरचा दर महिन्याला फोटो घ्या. केसपेपरचा, पेशंटच्या नावाचा फोटो मात्र घेऊ नका. त्यात पेशंटचा विश्वास मोडतो आणि उलट तुमच्यावरच कारवाई होते.

छळणारा डॉक्टर असेल तर मेट्रन आमची बाजू घेईल का?

काही घेतात, काही घेत नाहीत. दोघी-तिघींनी मिळून अर्ज द्या, एकीचा अर्ज दाबणं सोपं असतं.

मी ब्रदर आहे. मला हे लागू आहे का?

सगळं लागू आहे, लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याखालची तक्रार सोडून. ती फक्त स्त्रीला करता येते. “पुरुष असून रडतोस” हाही छळाचाच भाग आहे.

झोप लागत नाही. कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं.

बाळा, आधी हे कर, बाकीचं नंतर वाच. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लाव. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आणि आज घरात एकटी राहू नकोस, कुणाला तरी बोलावून घे किंवा कुणाकडे तरी जा. विचार मनात बळावला असेल तर फोनवर थांबू नकोस, कुणाला तरी बरोबर घेऊन जवळच्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा. तू रोज दुसऱ्यांसाठी जे करतेस ते आज कुणीतरी तुझ्यासाठी करेल. नोकरीचं, अर्जाचं, सगळं नंतर बघता येतं.

मी स्वतः इन्चार्ज आहे. माझंच चुकत असेल तर कसं ओळखू?

मागच्या तीन महिन्यांची रोस्टरं काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. नावापुढे नाइट मोजा, रविवार मोजा, सणाच्या ड्युट्या मोजा. मी इन्चार्ज होऊन दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा हे केलं. बाकीच्यांच्या तीन महिन्यांत बारा-तेरा नाइट निघाल्या, एकीच्या एकवीस. वर्षापूर्वी त्या मुलीने मला एकदा सगळ्यांसमोर उलट उत्तर दिलं होतं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, असंच मला शपथेवर वाटत होतं. पण एकवीस आकडा समोर होता.

तिला बोलावून कागद दाखवला आणि चुकले म्हणाले. ती काही बोलली नाही. नुसती मान हलवून ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत पुढच्या महिन्याचं रोस्टर मी २५ तारखेला पेन्सिलीने लिहून नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर ठेवायची. दोन दिवस ज्यांना जे अदलाबदल करायचं ते आपसात बोलून करायच्या, शेजारी सही करायच्या, आणि मग मी त्यावर शाई फिरवायची.